पॉलिहाऊसचा नंबर

आमच्या घरात कुठलाही निर्णय "हे बरं, की ते बरं?" या एकाच प्रश्नाने होतो. दोष आमच्या चष्म्याच्या दुकानाचा आहे. गिऱ्हाइकाला उंच खुर्चीत बसवायचं, त्याच्या नाकावर ती जड गोल चौकट चढवायची, तिच्यात एक काच सरकवायची, ती काढून दुसरी सरकवायची आणि विचारायचं, हे बरं, की ते बरं? माणूस सुरुवातीला ठामपणे उत्तरं देतो, मग घुटमळतो आणि शेवटी "तुम्हाला काय वाटतं?" असं विचारतो. अण्णांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या मते, नंबर नेमका त्याच क्षणी बरोबर निघतो.

घराचा रंग असाच ठरला. पडदे असेच ठरले. आईने तर गुडघ्याच्या डॉक्टरलाही दोन ठिकाणी आळीपाळीने दाबायला लावून "मघाचं बरं होतं" असं सांगितलेलं आहे.

वहिनी मात्र या घरात आली ती डोळ्यांशी काही देणंघेणं नसलेल्या घरातून. तिच्या माहेरी सगळ्यांची नजर उत्तम आहे, आजोबांसकट. अण्णा ही गोष्ट लोकांना सांगतात तेव्हा त्यांचा आवाज असा काही खाली येतो, की ऐकणाऱ्याला वाटावं त्या घराण्यात काहीतरी पिढीजात आहे. दादाने, म्हणजे माझ्या मोठ्या भावाने, तिला मागणी घातली तेव्हा अण्णांनी एवढंच विचारलं होतं, "अजिबात नंबर नाही? वाचायचासुद्धा?"

दुकानात वहिनीचं मन रमलं नाही. घरामागे आमची मोकळी जमीन पडून होती. तिथे तिने लोखंडी पाइपांच्या कमानी उभ्या केल्या, त्यांवर प्लास्टिकची फिल्म ताणली आणि आत जरबेऱ्याच्या फुलांची लागवड केली. अण्णा त्याला "हरितगृह" म्हणतात, आम्ही बाकीचे पॉलिहाऊस म्हणतो आणि आई "तिचं ते" म्हणते. पहिल्या वेळी फिल्म कुठली घ्यायची हे अण्णांनी ठरवलं होतं, कारण ज्यांतून पलीकडचं दिसतं अशा वस्तूंबाबत घरात दुसऱ्या कुणाला मत असूच शकत नव्हतं. त्यांनी सगळ्यात स्वच्छ फिल्म घेतली. इतकी स्वच्छ, की पहिल्याच आठवड्यात आई तिच्यावर नाक आपटून आली आणि अण्णांनी ते प्रमाणपत्रासारखं सगळ्यांना सांगितलं.

त्या स्वच्छ फिल्मखाली गेल्या उन्हाळ्यात फुलं भाजली. सगळी नाही. पाइपांची सावली पडायची त्या पट्ट्यातली फुलं फिकी आणि लंबूटांग झाली, आणि दोन सावल्यांच्या मधली, भर उन्हातली, कडेने तपकिरी झाली. वाफ्यांवर अंगरख्याचे पट्टे उमटावेत तसं दिसत होतं. वहिनीचा माल एकच फुलवाला उचलतो. त्याने एक जुडी हातात घेऊन फिरवून पाहिली आणि म्हणाला, "ताई, असा माल मी फक्त भांडण झालेल्या नवऱ्यांना विकू शकतो. ते घाईत असतात, बघत नाहीत." मग जाता जाता त्याने हेही सांगितलं की पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा असंच निघालं तर तो दुसरीकडून घेईल. त्याच्याशिवाय या भागात दुसरा फुलवाला नाही. पॉलिहाऊस चालणार की त्याच्या जागी दादाच्या मनातलं चष्म्यांचं गोदाम होणार, हे त्या एका वाक्यात आलं.

मग वाऱ्याने ती स्वच्छ फिल्म फाटली. वहिनीला इतका आनंद झाला की तो लपवायला तिला दुपारभर घरातच बसून राहावं लागलं.

नवीन आच्छादन दाखवायला आला तो माणूस स्वतःला "आच्छादन सल्लागार" म्हणवत होता. आम्ही त्याला नमुनेवाला म्हणू लागलो, कारण त्याच्या बॅगेतून नमुने निघतच राहिले. त्याने काच दाखवली. पॉलिकार्बोनेटचा पोकळ पत्रा दाखवला, ज्याला दोन पापुद्रे आणि मध्ये हवा असते. स्वच्छ फिल्म दाखवली. आणि शेवटी एक दुधाळ फिल्म दाखवली, जिच्यातून पलीकडे उभा असलेला दादा हा दादा आहे की कपाट, हे कळेना.

"ही," वहिनी म्हणाली.

"हा मोतीबिंदू आहे," अण्णा म्हणाले.

"साहेब, उजेड जवळजवळ तेवढाच येतो," नमुनेवाला म्हणाला. "फक्त एका जागी न पडता सगळीकडे पसरतो. खालच्या पानांपर्यंत जातो. भाजत नाही."

"पण पलीकडचं दिसत नाही."

"रोपांना पलीकडचं बघायचं नसतं, साहेब."

"तुम्ही विचारलंत त्यांना?"

नमुनेवाल्याने वहिनीकडे पाहिलं. वहिनीने नजरेनेच त्याला सांगितलं की सवय होईल.

काचेवर अण्णांचा जीव जडला होता, पण वहिनीने दाखवून दिलं की आपल्या कमानी काचेचं वजन पेलणार नाहीत. बसवायची तर बसवू, फक्त मग खाली कुणी उभं राहायचं नाही, आणि फुलं तर उभीच असतात. अण्णांनी काच जड अंतःकरणाने मागे ठेवली. दादाला पोकळ पत्रा आवडला, कारण त्याला दोन पापुद्रे होते आणि दुकानात बायफोकलचं खातं दादाकडे आहे. आईचं म्हणणं एवढंच, की जे काय असेल ते पुसता आलं पाहिजे. मला विचारलं तेव्हा मी "तुम्हाला काय वाटतं?" म्हणालो, आणि अण्णांना वाटलं माझा नंबर निघाला.

"असं नाही ठरायचं," अण्णा म्हणाले. "नंबर काढू."

"कुणाचा?" नमुनेवाल्याने विचारलं.

"हरितगृहाचा."

दुसऱ्या दिवशी सकाळी दुकानातली अक्षरांची पेटी भिंतीवरून उतरली. ही पेटी म्हणजे दिवा आत असलेला पत्र्याचा डबा. तिच्या पुढच्या बाजूला ओळीने अक्षरं आहेत: वर एक मोठा च, खाली ट आणि ल, आणि असं लहान लहान होत शेवटच्या ओळीत "घ ध भ म थ य". ही शेवटची ओळ आमच्या दुकानाची शान आहे. चांगल्या चांगल्यांची घ आणि ध मध्ये गाळण उडते. भ आणि म तर लोकांनी आपसांत बदलूनच टाकलेत. पेटी पॉलिहाऊसच्या पार टोकाला, वाफ्यांच्या मधोमध, एका कमानीला टांगली. अलीकडे लाकडी चौकटींवर तिन्ही नमुने ताणून उभे केले. एकेकाने चौकटीमागे उभं राहायचं आणि वाचायचं. ज्यातून शेवटची ओळ स्वच्छ दिसेल ते आच्छादन.

वहिनी वाफ्यावर बसून सुकलेली पानं काढत होती. तिने या सगळ्याकडे ज्या चेहऱ्याने पाहिलं तो मी आजवर फक्त ट्रॅफिकमध्ये अडकलेल्या अॅम्ब्युलन्सच्या ड्रायव्हरचा पाहिलाय.

पहिले अण्णा. स्वच्छ फिल्म. "च. ट ल. न र प," करत ते सरळ खाली उतरले आणि शेवटी "घ ध भ म थ य" म्हणून थांबले. दादाने वहीत पूर्ण गुण टाकले. मग पोकळ पत्रा. त्यातून जग उभ्या रेघांचं दिसतं, पण अण्णांनी थोडं डोकं कलतं केलं आणि म्हणाले, "घ ध भ म थ य. जरा रेघा आहेत, पण वाचता येतं." मग दुधाळ फिल्म. अण्णा तिच्यामागे गेले. पेटीच्या बाजूने बघणाऱ्या आम्हाला अण्णांच्या जागी एक पांढरट ढग दिसत होता. ढग खोकला आणि म्हणाला, "च. ट ल." आणि मग, "घ ध भ म थ य."

"पूर्ण," दादा म्हणाला आणि थोडा वेळ पेन हवेत धरून बसला.

"वाईट नाही," ढग म्हणाला. "अपेक्षेपेक्षा बरी आहे."

मग दादा. तिन्हींतून पूर्ण. मग मी. तिन्हींतून पूर्ण. मग आई, जिने वाचताना एकदाही श्वास घेतला नाही. सगळ्यांना सगळ्यातून सगळं दिसत होतं. नमुनेवाला आता जवळ आला होता. त्याने आयुष्यभर आच्छादनं विकली होती, पण इतकी दृष्टी असलेलं कुटुंब त्याने पाहिलं नव्हतं.

"बरोबरी झाली," अण्णा म्हणाले. "परीक्षा सोपी पडली. दादा, दुहेरी घडी कर."

दुधाळ फिल्म दुहेरी केली. पूर्ण. चौपदरी केली. अण्णांनी वाचलं, पूर्ण. आता सगळ्यांनाच जरा चेव आला होता. दादाने कोपऱ्यातली ताडपत्री आणली, मातीने माखलेली, काळीकुट्ट, खताची पोती झाकायची. ती चौकटीवर टाकली. अण्णा मागे गेले. ताडपत्रीमागून, अगदी सावकाश, आब राखून, आवाज आला, "घ... ध... भ... म..."

"थोडं अस्पष्ट आहे ना?" दादाने विचारलं. त्याने खरंच विचारलं.

"थोडं," ताडपत्री म्हणाली.

वहिनी उठली. हातावरची माती झटकली. "पेटी वाकडी झालीय," म्हणाली आणि टोकाला जाऊन पेटीशी काहीतरी खुडबुड करून परत आली. "अण्णा, एकदा शेवटचं. साध्या स्वच्छ फिल्ममधून. तुमच्या आवडत्या."

अण्णा खूश झाले. चौकटीमागे उभे राहिले. "च," ते म्हणाले. "ट ल."

मी पेटीकडे पाहिलं. पेटीला मागची बाजूही आहे. अक्षर न येणाऱ्या लहान मुलांसाठी तिथे चित्रं आहेत. वर एक मोठी छत्री आहे. तिच्याखाली मासा आणि किल्ली. आणि सगळ्यात खाली बदकांची एक ओळ, ज्यातल्या काहींचं तोंड डावीकडे आहे आणि काहींचं उजवीकडे.

"घ," अण्णा पहिल्या बदकाला म्हणाले. "ध." दुसऱ्या बदकाला म्हणाले.

"अण्णा," दादा हळूच म्हणाला, "ती बदकं आहेत."

अण्णा थांबले. पुढे झुकले. चौकटीच्या बाजूने मान काढून पाहिलं.

"सगळी?" त्यांनी विचारलं.

"सगळी, अण्णा," वहिनी म्हणाली. "त्यातलं एक थ सुद्धा आहे."

पहिली आई फुटली. ती गादीवाफ्याच्या कडेवर बसली आणि पदर तोंडात धरून हसायला लागली, तो पदर तोंडातून सुटेपर्यंत. मग तिनेच सांगून टाकलं की तिने वाचलं तेव्हा डोळ्यांवर चष्माच नव्हता. तो घरी फ्रिजवर राहिलाय. तिला पेटीसुद्धा दिसत नव्हती. ती दादाच्या आवाजाच्या दिशेने उभी राहिली होती. दादा म्हणाला की त्याने बालपणी पाढ्यांच्या आधी ही ओळ पाठ केली होती. मी म्हणालो, मला तर झोपेत येते. चाळीस वर्षं रोज दुसऱ्यांकडून ऐकलेली ओळ माणूस वाचतो की आठवतो, हे अण्णांनाही आत्ता पहिल्यांदाच कळत होतं, आणि त्यांचा चेहरा जवळचा चष्मा लावून लांबचं बघणाऱ्या माणसासारखा झाला होता.

नमुनेवाला एका कमानीला धरून उभा होता. त्याचे खांदे हलत होते, पण तो धंद्याचा माणूस होता, त्यामुळे आवाज करत नव्हता.

"ठीक," अण्णा शेवटी म्हणाले. ते हरलेले नव्हते. परीक्षा रद्द झाली होती, पद्धत नाही. "मग या घरात ओळ पाठ नसलेले डोळे एकाच माणसाचे आहेत. सूनबाई वाचतील. सूनबाईंना जिच्यातून दिसेल ती."

पेटी पुन्हा अक्षरांच्या बाजूला फिरवली गेली. वहिनीला चौकटीमागे उभं केलं. पहिली तिच्यापुढे आली ती दुधाळ फिल्मच.

आता ऐका, काय झालं होतं ते. सकाळपासून त्या पॉलिहाऊसमध्ये ती ओळ इतक्या वेळा म्हटली गेली होती, की बाहेरून जाणाऱ्या सायकलवाल्यालासुद्धा ती येत असेल. वहिनीला ती पाठ झालेली होती. मला माहीत होतं, दादाला माहीत होतं, आईने तर मान खाली घालून डोळे मिटून घेतले होते, आपली मुलगी स्टेजवर भाषण विसरू नये म्हणून मिटावेत तसे. तिने फक्त सहा अक्षरं उच्चारायची होती. पॉलिहाऊस तिचं, फिल्म तिची, फुलवाला तिचा. अण्णांनी शब्द दिलेला होता, आणि अण्णा दिलेला शब्द मोडत नाहीत, फार तर त्याचा नंबर बदलतात.

"च," वहिनी म्हणाली. मग थांबली. दादाने ओठांनी "ट ल" केलं.

"नाही," ती म्हणाली. "काही दिसत नाहीय. एक अक्षर दिसत नाही. पेटी आहे की भिंत, तेही कळत नाहीय."

दादाने कपाळावर हात मारला. नमुनेवाल्याने दोन्ही हात खिशात घातले.

"मग बाद," अण्णा म्हणाले, पण जरा हळू.

"आणि मला हीच हवीय," वहिनी म्हणाली. चौकटीमागून बाहेर आली. "पाठ करून पास केली असती ना अण्णा, तर पुढच्या वेळी पुन्हा तुम्ही स्वच्छच घेतली असती. मला दर वेळी खोटं वाचायला वेळ नाही, माझी फुलं आहेत."

"दिसत नाही ती वस्तू चांगली कशी, हे सांग."

ती पेटीकडे चालायला लागली. आम्ही सगळे मागे. तिने पेटीची बाजूची कडी काढली, झाकण उघडलं आणि दिवा आणि अक्षरं यांच्या मधली पांढरी काच बोटांनी धरून वर ओढून काढली. ती काच आमच्यापैकी कुणी कधी लक्ष देऊन पाहिलेली नव्हती. दुधासारखी पांढरी, जाड. झाकण लावून ती बाजूला झाली.

नुसत्या दिव्यापुढे एकच न असा पेटला की त्याच्याकडे बघवेना. त्याच्या बाजूची र आणि प जेमतेम दिसत होती. खालचा घ आणि ध पूर्ण काळोखात. दिव्याच्या तारेची एक वाकडी सावली सगळ्या ओळींवरून आडवी गेली होती, पाइपाची जाते तशी.

"हे," वहिनी म्हणाली.

मग काच परत आत सरकवली. सगळी अक्षरं, वरच्या चपासून खालच्या यपर्यंत, सारख्याच उजेडात शांत उभी राहिली.

"की ते?"

अण्णांनी पेटीकडे पाहिलं, मग तिच्याकडे, मग पुन्हा पेटीकडे. मी दुकानात हजारो माणसं त्या खुर्चीत बसलेली पाहिलीत. सगळी उत्तर द्यायच्या आधी एकदा आवंढा गिळतात. अण्णांनी गिळला.

"पुन्हा एकदा दाखव," ते म्हणाले.

तिने पुन्हा काढली. पुन्हा घातली.

"हे," अण्णा म्हणाले, अगदी गिऱ्हाइकाच्या आवाजात. "आत्ताचं. मघाचं डोळ्यांत खुपत होतं."

"फुलांच्याही," वहिनी म्हणाली.

दुधाळ फिल्म चढवायला पुढच्याच आठवड्यात माणसं आली. वाऱ्याचा दिवस टाळला होता, तरी वारा आलाच. फिल्म हवेत फुगली आणि दादा तिचं टोक धरून इंचभर वर गेला, असं तो सांगतो. आईच्या मते त्याने उडी मारली. अण्णा शिडीखाली उभे राहून प्रत्येक कामगाराला फिल्मची कुठली बाजू वर आणि कुठली आत, हे विचारत होते. आतल्या बाजूला दव थेंब होऊन टपकू नये म्हणून लेप असतो, हे नमुनेवाल्याने त्यांना एकदा सांगितलं होतं, आणि आता ते त्यालाच सांगत होते.

दुपारी ताणून झाल्यावर आम्ही आत गेलो. ऊन बाहेर होतं तसंच होतं, पण आत ते कुठून येतंय ते कळत नव्हतं. आईने हात पुढे करून वाफ्यावर सावली शोधली. सापडली नाही, म्हणून दुसरा हात केला. दादा एका पायावर उभा राहिला. आमचं सगळं घर त्या पांढऱ्या उजेडात आपापली सावली हरवल्यासारखं वाफ्यांच्या मधून फिरत होतं, आणि हसायला काही कारण नसताना सगळे हसत होते.

उन्हाळा आला. भर उन्हाळ्यात फुलवाला आला. त्याने एक जुडी उचलली, मग दुसरी, मग स्वतःच वाफ्यात वाकून मधली, सावलीच्या जुन्या पट्ट्यातली फुलं पाहिली आणि दोन पट्ट्यांच्या मधली पाहिली. कुठलं फूल कुठून आलं ते त्याला ओळखता येईना. त्याने चष्मा काढला, शर्टाला पुसला, घातला. पुन्हा काढून पुसला.

"ताई, हे सगळं मीच घेतो," तो म्हणाला. "दुसऱ्या कुणाला शब्द दिला नाहीत ना?"

"अजून नाही," वहिनी म्हणाली. तिला दुसरा कुणी नव्हताच, पण "अजून" हा शब्द तिने इतका सहज टाकला की दादाने कौतुकाने तिच्याकडे पाहिलं.

फुलवाल्याने पुढच्या उन्हाळ्याचंही तिथेच ठरवून टाकलं आणि जायला निघाला. दारात अण्णा उभे होते. त्यांनी फुलांकडे पाहिलंसुद्धा नाही. ते त्याच्या नाकावरच्या चष्म्याकडे बघत होते.

"किती वर्षं झाली हा नंबर काढून?" त्यांनी विचारलं.

"आठवत नाही. का?"

"दोनदा पुसलात," अण्णा म्हणाले आणि त्याचा दंड धरून त्याला दुकानाकडे घेऊन निघाले. "चला. पाचच मिनिटं. अक्षरं नाही दाखवत तुम्हाला, बदकं दाखवतो."